मोहरीएवढा मापारी

गेल्या वैशाखांत आमच्या घरांत एक लहानसा खटला चालला. आरोपी मोहरीच्या दाण्याएवढा, साक्षीदार दूध, आणि फिर्यादी आमच्या वहिनी. न्यायासनावर मी आपण होऊन बसलों आणि निकाल साफ चुकीचा दिला. वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं अंक दाखविणारीं यंत्रें आहेत (आणि हल्लीं तीं कोणाच्या घरीं नाहींत?), त्यांस त्या खटल्याची हकीकत कळलेली बरी, म्हणून स्वतःकडे कमीपणा घेऊन ती येथें सांगतों.

आमचे दादा, म्हणजे माझे वडील बंधू, पंचाहत्तरीला टेकले आहेत व गेलीं कित्येक वर्षें सकाळ-संध्याकाळ इन्शुलिन टोंचून घेतात. या औषधाच्या न उघडलेल्या कुप्या २ ते ८ अंश सेल्सिअस या उष्णतामानांत ठेवाव्या लागतात. त्याहून अधिक उष्णतेंत त्यांचा गुण हळूहळू उतरतो. आणि औषध एकदां गोठलें कीं पुन्हां पातळ झालें तरी तें टाकूनच द्यावें लागतें. आमचें घर कोंकणांत. वळवाचा पहिला गडगडाट झाला कीं वीज जी जाते ती केव्हां परत येईल याचा नेम नाहीं. तेव्हां फ्रीजच्या बंद दारामागें काय चाललें आहे, ही काळजी उन्हाळ्यांत आम्हांस नेहमींची.

माझ्या पुतण्याची मुलगी पुण्यास इलेक्ट्रॉनिक्स शिकते. चैत्रांत ती सुटीस आली तेव्हां म्हणाली, "आजोबा, फ्रीजला दार आहे, खिडकी नाहीं. मी खिडकी करून देतें." आणि तिनें काड्यापेटीएवढें एक यंत्र तयार केलें. तें फ्रीजमध्यें ठेवावयाचें. दर पांच मिनिटांनीं तें आंतील उष्णतामान मोजी, आणि बिनतारी संदेशानें स्वयंपाकघराच्या भिंतीवरील लहानशा पाटीवर अंक उमटे. दोन साध्या सेलांवर सगळा कारभार, त्यामुळें घरांतली वीज गेली तरी खोळंबा नाहीं.

या यंत्राच्या पोटांत जी मुख्य चिप, तिची आणि आमची पहिली ओळख मोठ्या गमतीची झाली. जेवणघरांत माझी पत्नी सुपांत मोहरी निवडीत बसली होती आणि नात शेजारीं चिमट्यानें चिप उचलीत होती. चिमटा निसटला. त्यानंतर घरांतलीं सहा माणसें अर्धा तास ओणवीं होऊन काळ्या मोहरींत काळी चिप शोधीत होतीं! शेवटीं ती सुपाच्या कडेच्या विणींत, माझ्या वाचावयाच्या भिंगाखालीं सांपडली. लांबी दीड मिलिमीटर, रुंदी दीड मिलिमीटर, आणि पोटाखालीं आठ जोडटोकें. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या अमेरिकन कंपनीची ही चिप. नांव एडीएस ७०४२. तिच्या जातीला इंग्रजी आद्याक्षरांवरून एडीसी म्हणतात. मी तिला मापारी म्हणतों, व कां म्हणतों तें पुढें येईलच.

सृष्टींतील बहुतेक राशि अखंड असतात. पाणी तापतांना २० अंशांवरून २१ अंशांवर उडी मारीत नाहीं. मधल्या प्रत्येक स्थितींतून जातें. संगणकाला मात्र अंकांवांचून दुसरें कांहींच समजत नाहीं. आमच्या यंत्रांत उष्णता जाणणारा भाग म्हणजे थर्मिस्टर नांवाचा एक मणी. थंडी वाढली कीं विजेच्या प्रवाहाला त्याचा होणारा विरोध वाढतो: २५ अंशांस १० हजार ओम, तर ४ अंशांस सुमारें २७ हजार. दुसरा एक ठराविक विरोध त्याच्या जोडीला बसविला म्हणजे दोहोंच्या सांध्यापाशीं जो विद्युद्दाब मिळतो, तो थंडीबरोबर चढतो व उष्णतेबरोबर उतरतो. हा दाबही अखंडच. तो तोलून त्याचा अंक करून देणें हें मापाऱ्याचें काम.

तो तोलतो कसा? माझ्या लहानपणीं आजोबांच्या कोठीच्या खोलींत जुनीं लोखंडी वजनें पडून होतीं. १९५६ सालच्या कायद्यानें किलोग्रॅम आले आणि तीं अडगळींत गेलीं. पण आम्हां मुलांना तीं खेळावयास मिळत. शेर, अच्छेर, पावशेर, नवटांक, छटाक. वाचकांनीं या मालिकेकडे नीट पाहावें: प्रत्येक वजन आधींच्या वजनाच्या बरोबर निम्में आहे. आतां शेराच्या आंतला एक गुळाचा खडा तोलावयाचा आहे असें धरूं. प्रथम अच्छेर टाका. गूळ जड आहे, अच्छेर राहूं द्या. त्यावर पावशेर टाका. वजनांचें पारडें खालीं गेलें, पावशेर काढा. नवटांक टाका, राहिलें. छटाक टाका, राहिला आणि पारडीं समतोल झालीं. गूळ ११ छटाक भरला. सोळा प्रकारच्या संभाव्य उत्तरांतून खरें उत्तर चारच तोलांत हातीं आलें. ठेवलेल्या वजनास १ व काढलेल्यास ० लिहिलें तर या तोलाची नोंद होते १०११. संगणकाची भाषा ती हीच.

चिपमध्यें अशीं वजनें चार नसून बारा आहेत. तिला ३ व्होल्ट दाबाचे सेल जोडले असतील तर पहिलें वजन १.५ व्होल्टचें, दुसरें ०.७५ चें, असें निम्में-निम्में होत बारावें एका व्होल्टच्या हजाराव्या भागाहूनही लहान. बारा तोलांत ४०९६ उत्तरांपैकीं एक निश्चित होतें. आणि हा बारा तोलांचा पूर्ण विधि ही चिप एका सेकंदांत दहा लाख वेळां करूं शकते.

४०९६ हा आंकडा नातीनें उच्चारला तेव्हां मी दचकलोंच. ज्यांनीं छंदःशास्त्राचें थोडेंबहुत अध्ययन केलें आहे त्यांच्या कानाला तो ओळखीचा आहे. ज्या समवृत्तांच्या चरणांत बारा अक्षरें, त्यांचा वर्ग जगती. आणि लघु-गुरूंच्या अदलाबदलीनें त्याचे भेद होतात ४०९६. अक्षर लघु किंवा गुरु, वजन काढलेलें किंवा ठेवलेलें, गणित एकच. एवढेंच नव्हे, तर 'प्रस्तारांतील अमुक क्रमांकाचें वृत्त कोणतें' हें काढण्याची नष्ट नांवाची रीति, आणि उलट 'अमुक वृत्ताचा क्रमांक कोणता' ही उद्दिष्ट नांवाची रीति, या दोन्ही पिंगलाच्या परंपरेंत शिकवीत आले आहेत. लघूस ० व गुरूस १ मानून भुजंगप्रयात लिहा: ०११ ०११ ०११ ०११. पहिलें अक्षर सर्वांत जड धरून बेरीज केली तर १७५५ येते. म्हणजे ज्या वेळीं आमच्या चिपमधून १७५५ हा अंक निघेल, त्या वेळीं ती मनाच्या श्लोकांच्या वृत्तांत बोलत असेल! (पिंगलाची मोजणी दुसऱ्या टोकानें चालते व तिचा आरंभ सर्वगुरु चरणापासून होतो, हा भेद शास्त्राभ्यासी वाचकांनीं ध्यानांत घ्यावा. पिंगलानें चिप शोधली होती असें कोणी माझ्या नांवावर सांगूं नये.)

असो. असा मापारी पूर्वींही होता, पण तो मोहरीएवढा नव्हता. १९५४ सालीं अमेरिकेंत बर्नार्ड गॉर्डन यांनीं एप्स्को कंपनीत डॅट्रॅक नांवाचें यंत्र केलें. त्यांत अकरा वजनें, आणि सेकंदास ५० हजार मापें. तोलण्याची रीत हीच. परंतु आंत कांचेच्या निर्वात नळ्या, यंत्राचें वजन १५० पौंड, आणि वीज लागे ५०० वॅट. आमची चिप त्याच्या वीसपट वेगानें मोजते आणि तरी तिला एक मिलिवॅटही पुरून उरतो. सेकंदास हजारच मापें घ्यावयाचीं असलीं तर एक मायक्रोवॅटच्या आंत भागतें. हा फरक केवळ आकार लहान झाल्यानें पडलेला नाहीं. १९७५ सालीं कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील मॅक्क्रीरी व ग्रे या दोघांनीं वजनांच्या जागीं कपॅसिटर, म्हणजे विजेचा सांठा धरून ठेवणाऱ्या कुप्या, सिलिकॉनवर कोरून दाखविल्या. एकीहून दुसरी निम्मी, अशा ओळीनें. तोलावयाचा दाब आधीं त्या कुप्यांत भरून घ्यावयाचा, दार लावावयाचें, आणि मग तोच सांठा इकडून तिकडे हलवीत तोल करावयाचा. कुपीला गळती नसेल तर सांठा धरून ठेवण्यास वीज खर्चावी लागत नाहीं. खर्च होतो तो हलविण्यापुरता. आणि दोन मापांच्या मधल्या वेळांत आमचा मापारी चक्क झोंप काढतो. आमच्या यंत्रांतले सेल खाणारा भाग दुसराच होता: तो बिनतारी संदेश पाठविणारा. ही गोष्ट लहान दिसते, पण पुढें घोटाळा झाला तो येथूनच.

यंत्र बसवून नात परीक्षेसाठीं पुण्यास गेली. पंधरा दिवस भिंतीवरचा अंक ५ च्या आगेंमागें राहिला. पुढें तो उतरूं लागला: ४, ३, मग १.८, आणि एके पहांटे ०.४. मला घाम फुटला. आणखी अर्ध्या अंशानें दादांचें औषध गोठणार! मीं तत्काळ फ्रीजची खुंटी फिरवून थंडावा कमी केला. दुसऱ्या दिवशीं अंक ४ वर येऊन स्थिरावला आणि मला मोठी कृतकृत्यता वाटली.

दोन दिवसांनीं वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, दूध नासलें."

"पातेलें नीट विसळलें गेलें नसेल," मी म्हणालों.

दुसऱ्या दिवशीं त्यांनीं लोण्याची वाटी माझ्यापुढें धरली. लोणी बोटानें सहज दबत होतें. मीं भिंतीकडे हात केला. पाटीवर ४.३ असा अंक झळकत होता. "वहिनी, हें यंत्र अंशाचा दहावा भाग सांगतें. लोण्याला तें कोठून कळणार?"

"तुमच्या यंत्राला नाक नाहीं, भाऊजी," एवढेंच बोलून त्या आंत गेल्या. चाळीस वर्षें मुलांना 'पडताळा घेतल्यावांचून उत्तर लिहूं नये' असें बजावणारा मी, पडताळा समोर वाटींत धरलेला असतां तो नाकारून मोकळा झालों.

त्याच आठवड्यांत दादांची सकाळची, उपाशीपोटींची साखर, जी एरव्हीं १३०-१४० असे, ती दोनशेंच्या वर जाऊं लागली. मात्रा तीच, पथ्यही तेंच, निदान दादांच्या सांगण्याप्रमाणें. (घरांत हापूसच्या अढ्या लागलेल्या होत्या, हेंही नमूद करतों.) डॉक्टरांनीं सगळें ऐकून घेऊन विचारलें, "औषध ठेवतां कोठें?" मीं साभिमान यंत्राचें वर्णन केलें. ते शांतपणें म्हणाले, "एक साधा कांचेचा तापमापक पेलाभर पाण्यांत बुडवून रात्रभर आंत ठेवून पाहा."

सकाळीं कांचेच्या नळींतला तांबडा द्रव १३ वर उभा होता. भिंतीवर ४.

नातीला दूरध्वनि केला. तिनें प्रश्न एकच विचारला, "आजोबा, मी ठेवून गेलेल्या मीटरनें सेलांचा दाब पाहाल का?" दोन्ही सेल मिळून २.६ व्होल्ट भरले. पलीकडे क्षणभर शांतता होती. मग ती म्हणाली, "चूक चिपची नाहीं. माझी आहे." आणि तिनें ती मला समजावून दिली. आतां मी ती माझ्या पद्धतीनें सांगतों.

वर म्हटलें कीं चिपचें पहिलें वजन १.५ व्होल्टचें, कारण तिला जोडलेले सेल ३ व्होल्टचे. म्हणजे या मापाऱ्याजवळ स्वतःचीं अशीं वजनें नाहींतच; ज्या सेलांवर तो जगतो त्यांच्याच दाबाचे तुकडे पाडून तो वजनें करतो. कंपनीच्या माहितीपत्रकांत हें स्वच्छ लिहिलेलें आहे. सेल नवे असतांना नातीनें दाब मोजला, तो नेमका ३ व्होल्ट होता, आणि तो धरून तिनें अंकांवरून अंश काढण्याचें कोष्टक बांधलें. पुढें संदेश पाठवून पाठवून, शिवाय फ्रीजमधल्या गारठ्यानें, सेल २.६ वर आले. त्याबरोबर बाराही वजनें त्याच प्रमाणांत हलकीं झालीं. वजन झिजलें म्हणजे माल अधिक भरतो, हें कोणत्याही वाण्याला ठाऊक आहे. १३ अंशांस मण्याच्या सांध्यापाशीं दाब असे सुमारें १.५९ व्होल्ट. वजनें खरीं असतीं तर तो सुमारें २१७० भरला असता. झिजल्या वजनांनीं तोच भरला सुमारें २५००, आणि तिच्या कोष्टकांत २५०० म्हणजे ४ अंश.

यांतली मौज अशी कीं तिनें काळजी घेतली नव्हती असें नाहीं. सेलांचा दाब उतरतो हें तिला ठाऊक होतें. म्हणूनच मण्याला तिनें एक वेगळा भाग बसवून कायम २.५ व्होल्ट मिळतील अशी तजवीज केली होती. गूळ तेवढा स्थिर ठेवला, वजनें झिजूं दिलीं. हें सर्व ऐकून मीं वहीवर हिशेब मांडला तेव्हां एक आंकडा माझ्या डोळ्यांसमोरून हलेना. ४ पासून १३ अंशांपर्यंत चिपच्या अंकांत सुमारें ३३० चा फरक पडतो. म्हणजे एका अंशाचे जवळजवळ छत्तीस भाग तिला वेगळे ओळखतां येतात. अंशाचा छत्तिसावा भाग ओळखणारें यंत्र नऊ अंशांनीं चुकत होतें, आणि दशांशचिन्हापुढचा अंक पाहून मी त्याच्यावर भाळलों होतों. बारीक मोजणें आणि खरें मोजणें या गोष्टी निराळ्या आहेत, हें पदार्थविज्ञान शिकविणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांकडून मीं शिक्षकांच्या खोलींत कितीदां तरी ऐकलें असेल!

औषधाचें काय झालें, हें वाचक-भगिनी विचारतील. डॉक्टर म्हणाले कीं १३ अंशांत थोडे दिवस राहिल्यानें इन्शुलिन लगेच वायां जातें असें नाहीं. पण थोडे म्हणजे किती दिवस, आणि भर दुपारीं वीज गेली असतां आंतली उष्णता कोठपर्यंत चढली, हें सांगणारा एकमेव साक्षीदारच खोटा ठरला होता. भिंतीवरची पाटी नसती तर मीं खुंटीला हात लावला नसता आणि फ्रीज आपल्या मार्गानें चालत राहिला असता. जवळच्या सगळ्या कुप्या टाकून देण्यास त्यांनीं सांगितलें. नव्या आणल्या. आठ-दहा दिवसांत दादांची साखर पूर्वपदावर आली. दोष औषधाचा होता, कीं अढींतल्या आंब्यांचा, याचा निर्णय अद्याप लागलेला नाहीं. कारण आंबेही त्याच सुमारास संपले. दादा या प्रश्नीं मौन पाळतात.

परीक्षा आटोपून नात आली ती थेट फ्रीजकडे. मला वाटलें, आतां आणखी एखादा भाग बसवील. तिनें उलट केलें: मण्याला कायम दाब देणारा तो वेगळा भाग उपटून काढला आणि मणी थेट त्याच सेलांना जोडला. आतां सेल उतरले तर वजनें हलकीं होतात, आणि मण्याच्या सांध्यावरचा दाबही त्याच प्रमाणांत उतरतो. गूळ आणि वजनें दोन्ही सारखींच झिजूं लागलीं, म्हणजे तोलाचें उत्तर बदलत नाहीं. मी तिला विचारलें, "हें आधींच कां नाहीं सुचलें?" ती म्हणाली, "आजोबा, एक भाग कमी करून यंत्र सुधारतें हें कोणाला आधीं सुचतें?" त्यावर माझ्याजवळ उत्तर नव्हतें.

मग तिनें वहिनींना वांकून नमस्कार केला. वहिनींनीं तिच्या हातावर लोण्याचा गोळा ठेवला. तो घट्ट होता.

नव्या जोडणीची परीक्षा म्हणून तिनें यंत्रांत मुद्दाम जुनेच, २.६ व्होल्टवर आलेले सेल घालून ठेवले आहेत, आणि कांचेचा तापमापकही आंत पेल्यांतच राहूं दिला आहे. रोज सकाळीं दोन्हींवरचे अंक वहींत लिहिण्याचें काम मजकडे. तिसरा रकाना वहिनींनीं स्वतः आंखून घेतला असून त्यांत दुधाची स्थिति लिहिली जाते. आजची नोंद अशी: यंत्र ५.२, कांच ५, दूध चांगलें.